पाण्याखालची खाट

सून चहात पाव बुडवत होती. तिचा पाव कधी तुटत नाही. माझा तुटतो, आणि मग मी कपाच्या तळाशी चमच्याने गाळ उपसत बसतो. त्या गुरुवारी सकाळी मी तेच करत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, खाणीच्या तळ्यात खाट कशी आली हो?"

मी चमचा थांबवला नाही. थांबवला असता तर कबुलीच झाली असती. "कुठली खाट?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बिलंदर वाटला.

"तुमच्या कोपऱ्यात. गेल्या रविवारी तुमची पाठ धरली होती म्हणून तुम्ही आला नाहीत ना, तेव्हा मी सगळ्या काठाने मासे शोधायची स्क्रीन फिरवून बघितली. सगळीकडे तळ सपाट, नुसता दगड. आणि तुमच्या कोपऱ्यात एकदम खाट. लोखंडी. आपल्या हॉस्पिटलात सोनोग्राफीच्या बाहेर पेशंटना टेकायला ठेवलीय ना, तसलीच, दांडा फिरवून डोकं वर करायची. डोक्याकडची बाजू वरच आहे तिची. आणि खाली शिंगाळे मासे इतके, की मी मोजायचं सोडून दिलं."

बायको गॅसकडे तोंड करून उभी होती. तिचा चेहरा दिसत नव्हता, पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर बायकोची पाठ हसतेय की नाही हे नवऱ्याला कळतं. ती हसत होती. "टाकली असेल कुणीतरी," मी म्हणालो. "लोक पाण्यात वाट्टेल ते टाकतात." सून म्हणाली, "हो ना." मग तिने कप विसळला, पर्स उचलली, "येते आई" म्हणाली आणि ड्यूटीवर गेली. एवढंच. डोळे रोखून बघितलं नाही, शब्दांवर जोर दिला नाही, काही नाही. तिने जरा जरी खोचक बघितलं असतं तरी मला रागवायला जागा मिळाली असती. तीही तिने ठेवली नाही. मी कपातला गाळ तसाच बेसिनमध्ये ओतला आणि बायको म्हणाली, "बेसिन तुंबेल." मी म्हणालो, "तुंबू दे."

नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी क्लबची सभा होती आणि ती माझ्याच अर्जावरून बोलावलेली होती. अर्ज मी तीनदा खाडाखोड करून लिहिला होता: रविवारच्या वार्षिक गळ स्पर्धेत पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या कोणत्याही स्क्रीनला बंदी घालावी. मी या क्लबचा जुना सभासद. बावीस स्पर्धांपैकी अकरा मी जिंकल्या. क्लबच्या भिंतीवर विजेत्यांचे फोटो आहेत, त्यात मी काळ्या केसांपासून टकलापर्यंत क्रमाने दिसतो. आणि गेल्या वर्षी मला माझ्या सुनेने हरवलं. जिला गाठ बांधायला मी शिकवलं, आमिष गळाला कसं ओवायचं ते शिकवलं, गळाचा दोरा, तंगूस, अंगठ्याखालून सोडताना श्वास कसा धरायचा ते शिकवलं, तिने एक काठी पाण्यात बुडवली, काठीच्या टोकाला कसला तरी डबा, वर पाटीएवढी स्क्रीन, आणि स्क्रीनवर करड्या धुरात करडे ठिपके हलताना बघून तिने गळ बरोबर ठिपक्याच्या तोंडासमोर नेऊन सोडला. पाच वेळा. माझे तीन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरातच राहिली ट्रॉफी, असं सगळे हसत म्हणाले आणि मीही हसलो. माझा जबडा दोन दिवस दुखत होता.

हरल्याचं दुःख नव्हतं, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आलो. हे तत्त्वाचं आहे, असं म्हणत आलो. आणि ते खरंही होतं. अजूनही मला ते खरं वाटतं, हीच तर पंचाईत आहे. गळ टाकून बसणं म्हणजे काय? खाली काय चाललंय ते माहीत नसताना बसणं. पाणी गप्प, तुम्ही गप्प. अंगठ्यावर तंगूस टेकलेला. मग कधीतरी त्या तंगुसातून अगदी बारीक काहीतरी येतं, लाट नाही, वारा नाही, तिसरंच काहीतरी, आणि तुमच्या आधी तुमच्या अंगठ्याला कळतं. त्या क्षणासाठी माणूस चार चार तास ओल्या दगडावर बूड टेकून बसतो. स्क्रीन आली की ते सगळं गेलं. मासा दिसतोय, फिरतोय, गळाकडे आला, वास घेतोय, ओढ. बाजारात जाऊन बोटाने दाखवून घेण्यासारखं. अंगठ्याला कामच नाही. मी अर्जात हे सगळं लिहिलं होतं, अंगठ्याचंसुद्धा. आणि आता सून म्हणते, खाट कशी आली हो.

बसमध्ये उभ्याउभ्या मी स्वतःशी वाद घालत होतो. मी हॉस्पिटलचा स्टोअरकीपर. चादरी, रबरशीट, बेडपॅन, सलाइनचे स्टँड, फिनेलचे कॅन, हे सगळं माझ्या ताब्यात. वस्तू मोडली की ती निकामी म्हणून लिहायची आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टाकायची, हे माझं काम. एकोणीस वर्षांपूर्वी चार नंबर वॉर्डातली एक खाट माझ्याकडे आली. दांड्याचा आटा गेला होता, डोक्याकडची बाजू वर जाऊन तिथेच अडकली होती, काही केल्या खाली येईना. वॉर्डबॉयने वर बसून उड्यासुद्धा मारल्या. निकामी. भंगारवाला आला, त्याने बाकीचं सगळं उचललं आणि ही नेली नाही, टेम्पोत आडवी मावत नाही म्हणाला. ती शेडमध्ये तशीच, पाठ टेकून बसलेल्या पेशंटसारखी. येताजाता मला दिसायची. तेव्हा क्लब नवीन होता आणि मी प्रत्येक वेळी शेवटून पहिला. मला 'रिकामी पिशवी' म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, प्रेमाने म्हणायचे, आणि मी प्रेमानेच ऐकून घ्यायचो आणि घरी येऊन बायकोवर खेकसायचो.

त्या वर्षी मी प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तंगुसाला शिसं बांधून अख्खं तळं चाचपलं. जुनी दगडाची खाण, काम बंद पडल्यावर पाणी भरलेलं. तळ ताटासारखा. शिसं सगळीकडे ठक् करून दगडावर बसायचं. झाड नाही, खड्डा नाही, आडोसा नाही. शिंगाळ्याला तर आडोसा लागतो. दिवसा तो अंधारात तोंड खुपसून पडून राहतो. मग मला शेडमधली खाट आठवली. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी भांडली आणि मग इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. एका सुट्टीच्या दिवशी, उजाडता उजाडता, आम्ही दोघांनी ती खाट हातगाडीवर घालून खाणीपर्यंत ढकलत नेली. तिला टायरच्या दोन ट्यूब बांधल्या. बायको काठावर दोर धरून उभी, साडी खोचलेली, आणि मी छातीभर पाण्यातून पुढे पोहत खाट ढकलतोय. पाणी इतकं गार होतं की माझे दात वाजत होते. "डावीकडे घ्या, डावीकडे," असं ती ओरडत होती, जसं काही आम्ही नव्या घरात सामान लावतोय. मग मी चाकूने ट्यूब फाडल्या. बुडबुडे आले, खाट आधी पायाकडून गेली, डोक्याकडची बाजू थोडा वेळ पाण्यावर राहिली, आणि गेली. नंतर दगडावर बसून आम्ही डब्यातलं खाल्लं आणि ती म्हणाली, "तुमच्याशी लग्न करून मी काय काय बघितलं." तो आमच्या संसारातला चांगला दिवस होता. तो मी कुणाला सांगू शकलो नाही, याचंही मला कधीकधी वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी खाटेचा कोपरा ज्याच्या चिठ्ठीत आला त्याच्याशी मी जागा बदलून घेतली आणि जिंकलो. आणि क्लबचा जुना पायंडा असा, की मागच्या वर्षीचा विजेता सगळ्यात आधी जागा निवडतो, मग दुसरा, मग तिसरा, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. मी पुन्हा तोच कोपरा निवडला. मागे दगडाची उभी भिंत, ऊन येत नाही, डास फोडून काढतात. लोक म्हणाले, काय साधा माणूस आहे, विजेता असून टाकलेली जागा घेतो. ज्या वर्षी हरलो, दुसरा तिसरा आलो, त्या वर्षीही तो कोपरा मलाच मिळाला, कारण दुसऱ्या कुणाला तो नकोच असायचा. हळूहळू तो माझ्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मी नियम काढून वाचले होते. आधी आमिष टाकून ठेवायचं नाही, जाळं वापरायचं नाही, मासा वजन करून परत सोडायचा. खाटेबद्दल एक अक्षर नव्हतं. असणार कसं? मी स्वतःला सांगितलं, डोकं मी चालवलं, गारठलो मी, ढकलली मी. ती माझी मेहनत आहे. स्क्रीन दुकानातून विकत मिळते, खाट कुठे मिळते? हे मला इतकी वर्षं पटत आलं. त्या गुरुवारी बसमध्ये, दांड्याला लटकून, ते पटेना. आणि त्याहून चीड याची, की ते पूर्ण खोटंही वाटेना.

स्टोअरमध्ये मी त्या दिवशी दोघा नर्सवर उगाच डाफरलो. एकीने दहा चादरी मागितल्या, मी म्हणालो आठ मिळतील. "काका, कपाटात ढीग दिसतोय," ती म्हणाली. मी म्हणालो, दिसतंय ते सगळं द्यायचं नसतं. ती तोंड वाकडं करून गेली. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. सुनेने सभेत सांगितलं तर? ती उभी राहणार, म्हणणार, बाबा बंदी का मागतायत ते मी सांगते. क्लबातला प्लंबर तर टपूनच बसलाय, त्यानेही परवा स्क्रीन घेतली. बंदी झाली नाही तर तो रविवारी तळं धुंडाळणार आणि त्यालाही खाट दिसणार. म्हणजे बंदी हवीच. पण ती हवी कशासाठी, अंगठ्यासाठी की खाटेसाठी? मी हे दोन धागे वेगळे करायला बघत होतो आणि ते जास्तच गुंतत होते. अकरा फोटो. त्यातले किती माझे आणि किती खाटेचे? खाट नसती तर एक तरी असता का? हा प्रश्न मी एकोणीस वर्षं शेडमध्ये टाकून ठेवला होता. तिने चहा पितापिता तो बाहेर काढला.

जेवणाच्या सुट्टीत मी सोनोग्राफीकडे गेलो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. बाहेर ती खाट होतीच, आमच्या खाटेची बहीण, तिचं डोकं खाली येत होतं. तिच्यावर एक म्हातारा चपला काढून पाय वर घेऊन बसला होता. दार अर्धवट उघडं होतं. आत अंधार, स्क्रीनचा करडा उजेड, आणि त्या उजेडात सुनेचा चेहरा. टेबलावर एक बाई झोपली होती. सून तिच्या पोटावरून तो हातातला ठोकळा फिरवत होती, अगदी हळू, आणि बघत होती. मी तिला कधी असं बघताना बघितलंच नव्हतं. घरी ती टीव्हीसुद्धा अर्धवट लक्षाने बघते. इथे तिची नजर एका करड्यातून दुसऱ्या करड्यात जात होती, थांबत होती, मागे येत होती. एका जागी ती जरा जास्त थांबली. बाईने मान वर केली आणि विचारलं, "सगळं बरं आहे ना?" सून म्हणाली, "डॉक्टर सांगतील." आवाज मऊ होता, पण त्यातून काही म्हणजे काही हाती लागत नव्हतं. बाईने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं आणि पुसायला कापूस दिला. मी आत न जाताच परत आलो. गेल्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, तुझं काय, तू नुसती बघतेस, यंत्र करतं सगळं. तेव्हा ती म्हणाली होती, "बाबा, करड्यात करडं ओळखायला मला सहा वर्षं लागली." मी ते हसण्यावारी नेलं होतं.

घरी येऊन कपडे बदलताना मी बायकोला म्हणालो, "ती आज सभेत सांगणार." बायको पालेभाजी निवडत होती. "नाही सांगणार," ती म्हणाली. "तुला काय माहीत?" "अहो, ती दिवसभर लोकांच्या पोटातलं बघते आणि गप्प बसते. तुमच्या पोटातलं बघायला तिला मशीन कशाला लागतंय?" मला इतका संताप आला की शर्टाचं बटण तुटलं. मी म्हणालो, "तू सांगितलंस तिला." ती म्हणाली, "मी एकोणीस वर्षं नाही सांगितलं, आता कशाला सांगू? मला काय ट्रॉफी मिळणार आहे?" आणि तिने सुईदोरा पुढे केला.

सभा क्लबच्या खोलीत झाली. रंगाच्या दुकानामागची खोली, त्यामुळे नेहमी टर्पेंटाइनचा वास. भिंतीवर फोटो, हुकाला टांगलेला वजनकाटा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या. हेडमास्तर अध्यक्ष. शाळेतून रिटायर होऊन त्यांना जमाना झाला, पण अजून हातात खडू असल्यासारखी बोटं धरून बोलतात. मासा तेच तोलतात आणि वजन तेच पुकारतात. सतरा सभासद आले होते. सून माझ्या मागच्या रांगेत, दाराजवळ. तिला बघायचं तर मला मान वळवावी लागली असती.

प्लंबर आधी उठला. "काका, मला एक सांगा. तंगूस तुमच्या आजोबांकडे होता का? फायबरची काठी होती का? तुम्ही चष्मा लावून येता, तो काढून ठेवता का? मग स्क्रीननेच काय घोडं मारलंय?" लोक हसले. मीही हसायला हवं होतं. मी उठलो आणि बोललो. चांगलं बोललो, हे मला मान्य करावंच लागेल. मी म्हणालो, "मासा आपल्याला दिसत नाही आणि आपण माशाला दिसत नाही, एवढीच यात बरोबरी आहे. बाकी सगळं आपल्याच बाजूचं आहे. चष्म्याने मला माझा गळ दिसतो, मासा नाही दिसत. ज्याला खाली काय आहे ते आधीच ठाऊक असतं तो खेळत नाही. तो फक्त उचलतो. आणि बाकीचे सोळा जण बिचारे खेळत बसतात." पुढच्या रांगेतला रंगारी मान डोलवत होता. हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. आणि मला माझ्या पाठीवर, बरोबर दोन खांद्यांच्या मधे, दाराजवळच्या खुर्चीची जाणीव झाली. आता ती उठणार. मी अक्षरशः वाट बघत होतो. उठ ना, मी मनात म्हणालो. उठ आणि सांग, म्हणजे मला भांडता येईल. मी खाटेची बाजू घेऊन तासभर भांडू शकलो असतो. कुणीही उठलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "हात वर करा." आठ हात बंदीच्या विरुद्ध होते. बाजूने मोजताना त्यांनी एकेका हाताकडे बोट केलं, सात, आठ, आणि मग दाराकडे बोट करून म्हणाले, "नऊ. ठराव मंजूर. सूनबाईंनी सासऱ्यांचा मान राखला." पुन्हा हशा. मी मान वळवली तेव्हा तिचा हात अजून वर होता.

रस्त्याने येताना मी पुढे आणि ती दोन पावलं मागे. दुकानं बंद होत होती. शेवटी मला राहवेना. "हात का वर केलास?" मी थांबून विचारलं. ती म्हणाली, "दिवसभर स्क्रीनच बघते बाबा. रविवारीही तेच बघायचं, कंटाळा आला." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस. कंटाळा येणार होता तर घेतलीस कशाला?" मला वाटलं, आता 'डॉक्टर सांगतील' म्हणते. पण ती म्हणाली, "तुम्ही दोन वर्षं मला शिकवलंत. दर रविवारी तळ्याच्या पायऱ्यांवर बसवायचात. मी तासन् तास बसायचे, तुम्ही म्हणायचात, धीर धर, मासा येईल. एकदाही आला नाही. मला वाटायचं माझाच हात जड आहे. मी घरी आरशासमोर अंगठा धरून सराव करायचे, आईंना विचारा. मग स्क्रीन आणली, फक्त बघायला, की मी काय चुकतेय. तर पायऱ्यांखाली काहीच नाही. नुसता दगड. तिथे मासा कधी येणारच नव्हता." तिचा आवाज चढला नव्हता. ती सोनोग्राफीतल्यासारखं सांगत होती, एक एक. "तुम्हाला ते माहीत होतं," ती म्हणाली. तिने ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

माहीत होतं. पायऱ्यांखालचा दगड माझ्या शिशाने शंभरदा ठोकून बघितला होता. मी तिला तिथे बसवलं कारण तिथून माझा कोपरा दिसत नाही. त्यात दुष्टपणा नव्हता, मी ते इतकं ठरवूनही केलं नव्हतं, सवयीने झालं, घरातल्या माणसापासून किल्ली लपवताना हात आपोआप जातो तसं. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा सहा महिने समुद्रात, पोर एकटी पडते म्हणून मी तिला मासे धरायला नेलं. मीच नेलं. तिला सोबत म्हणून. आणि तिथे रिकाम्या पाण्यासमोर दोन वर्षं धीर धरायला बसवली. शुक्रवार गेला, शनिवार गेला. मी स्टोअरमध्ये मोडक्या व्हीलचेअर निकामी लिहिल्या, घरी नळाचा वॉशर बदलला, बायकोने दोनदा विचारलं काय झालंय, दोन्ही वेळा मी पाठीचं नाव पुढे केलं. सुनेशी नीट बोलायचं ठरवून मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि तिला विचारलं, गिझर बंद केलास का.

रविवारी सगळे तळ्यावर जमले तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. हेडमास्तरांनी यादी काढली. सगळ्यांनी आपापल्या स्क्रीन घरी ठेवल्याचं लिहून सही केली, मीही केली. मग ते म्हणाले, "गतवर्षीच्या विजेत्या, आधी तुम्ही. जागा सांगा." गेले तीन दिवस मी एवढ्याचाच विचार केला होता. ती कोपरा मागणार. तिला माहीत आहे, पहिला नंबर तिचा आहे, कायदाही तिच्या बाजूने. मागू दे. मला ते हवंच होतं. तिने तो मागितला असता तर आमची फिटंफाट झाली असती आणि मी पायऱ्यांवर जाऊन निमूट बसलो असतो. ती काठीचं कव्हर काढत होती. मान वर न करता म्हणाली, "पायऱ्या."

"पायऱ्या!" प्लंबर म्हणाला. "अहो वहिनी, तिथे बेडूकसुद्धा येत नाही." ती म्हणाली, "सवय आहे." हेडमास्तरांनी लिहिलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "दुसरे, स्टोअरकीपर. तुमचा कोपरा, ना?" आणि लिहायलाही लागले. त्या क्षणी माझ्या आतलं काहीतरी सटकलं. भीक नको होती मला. मी ओरडलो. मला वाटलं होतं त्याहून मोठ्याने ओरडलो, कारण मागच्या भिंतीवरून आवाज परत आला. "तिथे खाट आहे! लिहू नका. त्या कोपऱ्यात पाण्याखाली हॉस्पिटलची खाट आहे. मी टाकलीय. एकोणीस वर्षांपूर्वी. मासे खाटेखाली येतात, मी काही करत नाही, ते खाटेखालीच असतात. अकराही वेळा."

आधी प्लंबर हसायला लागला. मग रंगारी, मग सगळेच. "गादी-उशीसकट का हो काका?" कुणीतरी विचारलं. "पेशंट उठला की नाही?" मी म्हणालो, "खरं सांगतोय. डोक्याकडची बाजू वर अडकलेली आहे." त्यावर तर ते पोट धरून हसले. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "स्टोअरकीपर, गेल्या वर्षीचं इतकं मनाला लावून घेऊ नका. तुमची विद्या तुमच्या हातात आहे. अंगठ्याचं तुम्ही परवा काय सुंदर लिहिलं होतंत." मी त्यांचा हात झटकला. "स्क्रीन आणा," मी म्हणालो. "कुणाच्या तरी गाडीत असेलच. पाच मिनिटं लावा आणि बघा." हेडमास्तरांचा चेहरा एकदम वर्गातला झाला. "ते आता होणार नाही. ठराव तुमचाच आहे. स्क्रीन पाण्यात उतरली की उतरवणारा बाद." "मग हिला विचारा," मी म्हणालो. "हिने बघितलीय."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती गाठ बांधत होती, मी शिकवलेलीच, दोन वेढे आणि एक उलटा. तिने दाताने तंगुसाचं टोक तोडलं. मला वाटलं, आता तरी. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत ना राग होता ना कीव. तपासणीच्या टेबलावरच्या बाईकडे ती बघते तसं ती माझ्याकडे बघत होती. "उशीर होतोय बाबा," ती म्हणाली. "धुकं विरलं की मासे खाली जातील. बसा जाऊन." आणि ती काठी उचलून पायऱ्यांकडे चालू लागली.

मी कोपऱ्यात जाऊन बसलो. दुसरी जागा मागायला हवी होती, हे मला बसल्यावर सुचलं, आणि तोपर्यंत शिट्टी वाजली होती. मग मी ठरवलं, गळ उलट्या दिशेला टाकायचा, भिंतीलगत, जिथे नुसता दगड आहे. ठरवलं आणि टाकला, आणि गळ पाण्यात पडल्यावर मला दिसलं की तो नेहमीच्याच जागी पडलाय. मनगटाला दुसरी जागा ठाऊकच नव्हती. डास कानाशी घोंगावत होते. ओढून परत टाकावा, असं मी स्वतःला सांगत होतो, सांगत होतो, आणि अंगठ्यावर तंगूस टेकला होता. धुकं विरळ झालं. एरवी कोपऱ्यातून पायऱ्या दिसत नाहीत म्हणून मी निर्धास्त असायचो. त्या दिवशी मी दगडावर जरा पुढे सरकून, मान लांब करून बघितलं, तर ती दिसली. पाठ ताठ, श्वास धरलेला, अंगठा मी सांगितला होता तसाच. रिकाम्या पाण्यासमोर ती इतकी नीट बसली होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेव्हाच माझ्या अंगठ्याला कळलं. मी झटका देणार नव्हतो. देवाशपथ देणार नव्हतो. पण हात माझं ऐकायच्या आधीच काठी वाकली होती, आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं, "लागला! काकांना लागला!"

तो मोठा होता, क्लबच्या काट्यावर आजवर चढलेल्या सगळ्या शिंगाळ्यांपेक्षा मोठा. मी तो सोडून देण्याची भाषा करत होतो तोवर प्लंबरच धावत आला, झोळी खाली धरली आणि म्हणाला, "काका, माझं चुकलं. हे स्क्रीनचं काम नव्हे." सगळे आपापल्या जागा सोडून काट्याभोवती गोळा झाले. मी हेडमास्तरांना म्हणालो, हा मोजू नका. त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय. त्यांनी मासा हुकाला लावला, चष्मा चढवला, काटा स्थिर होईपर्यंत हात वर धरून सगळ्यांना गप्प केलं आणि मग वजन पुकारलं. गर्दीत मागे, रिकामी पिशवी खांद्याला लावून, सून उभी होती. पहिली टाळी तिने वाजवली.